तळापर्यंत माल

९ नोव्हेंबर

वन्सं,

तुमचं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते. नणंदेनं गप्प बसायचं आणि भावजयीनं मागे लागायचं, हे लग्नापासून चालत आलंय, आता म्हातारपणी कशाला बदला? गुडघा कसा आहे? माझा उजवा म्हणतो डाव्याला विचारा, डावा म्हणतो मला कशाला विचारता.

वर्षअखेरीच्या सुट्ट्या आल्या, माझा कारखाना सुरू झाला. यंदा अकरा टोपल्या. त्याआधी दुकानात जाऊन तयार टोपल्या बघून आले. चकचकीत कागद, वर लाल फीत, आणि किंमत अशी की मी चष्मा पुसून परत वाचली. दुकानदार म्हणाला, "काकू, बांधू का?" म्हटलं, "नको रे बाबा, नुसती तोंडओळख करून घेतेय."

माझ्या टोपलीला लागतं काय? शाळेचा शिपाई जुन्या उत्तरपत्रिका देतो. त्यांच्या पट्ट्या सायकलच्या तारेवर गुंडाळायच्या, खळ लावायची, तार ओढून काढायची, की झाली नळी. शंभर नळ्यांची एक टोपली. वाळल्यावर अशी कडक होते की वर बसा. तुम्ही नका बसू. डॉक्टरांच्या टोपलीच्या काठावर नेमकं लाल शाईत 'उत्तर अपूर्ण' आलंय. आत वळवणार होते, मग म्हटलं राहू दे, माझ्या गुडघ्याचं त्यांनी तेच केलंय.

आत काय? संत्र्याच्या सालींचा मुरंबा. साली रसवाला फुकट देतो, उलट कचरा नेते म्हणून आभार मानतो. घरोघरच्या साबणाच्या चिपट्या वितळवून केलेल्या वड्या. कान तुटलेल्या कपातली मेणबत्ती. डबाभर बिस्किटं. आणि जुने स्वेटर उसवून विणलेले मोजे.

अकरावी टोपली कोणाची, ते तुम्हाला माहीत आहे. तिला शाळेचा कागद नाही लावत मी, लेकीच्या स्वतःच्याच वह्या लावते. मी सगळ्या ठेवल्या होत्या. तीन वर्षांत तीन टोपल्या झाल्या, आता भूगोलाची एक आणि अर्धी गणिताची उरलीय. ह्या टोपलीत तळाला भुसा नाही, चुरगळलेला कागद नाही. वरपासून तळापर्यंत माल. तुम्ही तिला देताना हे सांगता ना दर वर्षी? एवढं एक वाक्य सांगत जा. बाकी माझी बाजू घेऊ नका, माझी बाजू चांगली नाहीच आहे.

तर काम असं, की तुमच्यापासून तीन गल्ल्यांवर तुमची भाची राहते, तिच्याकडे जाऊन माझ्या नातीच्या, बुटकीच्या पायाचा कागद पाठवा, पाय ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवलेला, मागच्या वर्षी पाठवला होता तसा. मोजे त्या मापानं विणते. आता सहाची झाली असेल ती. मला अजून ती दीड वर्षाचीच दिसते, पडत-झडत चालणारी.

फोन करा म्हणू नका. लेक माझा नंबर उचलत नाही, आणि तुमच्याशी बोलायला घेतला तर माझी जीभ माझ्या आधी धावते. पत्रात निदान खोडता येतं.

तुमची आगाऊ,
वहिनी


१७ नोव्हेंबर

वहिनी,

पत्र पोचलं. माझा गुडघा ठीक. कामावर उभं राहावं लागत नाही, मशीनवर बसूनच असते. हॉस्पिटलच्या चादरी यंदा फार विरल्यात. मधून फाटली की उभी कापते, कडा मध्ये घेते आणि जोडते, मग आणखी वर्षभर चालते. मार्चमध्ये मी सुटणार. माझ्या जागी नवीन कोणी घेणार नाहीत, फाटलेली चादर टाकूनच देणार म्हणे.

सोबत पायाचा कागद ठेवला आहे. मीच काढला. फार हलत होती, गुदगुल्या होतात म्हणून.

लेक बरी आहे. घाईत होती, जास्त बोलणं झालं नाही. तुझी चौकशी अशी केली नाही, पण मी तुझं नाव काढलं तेव्हा उठूनही गेली नाही. टोपली पाठवायची घाई करू नकोस. थंडीत गुडघे जप.

तुझी नणंद


२२ नोव्हेंबर

वन्सं,

उठून गेली नाही! मी हे वाक्य शेजारणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, यात एवढं हसण्यासारखं काय आहे? तिला काय कळणार. पहिल्या वर्षी तुम्ही लिहिलं होतंत 'घेतली'. दुसऱ्या वर्षी 'घेतली, ठेवून दिली'. तिसऱ्या वर्षी पायाचा कागद आला. आणि आता उठूनही गेली नाही. मी पायऱ्या मोजतेय, वन्सं. ह्या हिशेबानं मी ऐंशीची होईन तेव्हा ती मला पाणी विचारेल.

पण एक गंमत झालीय. मागच्या वर्षीचा कागद मी लोकरीच्या डब्यात ठेवला होता. नवा त्यावर ठेवून पाहिला, किती पोर वाढली ते बघावं म्हणून. तर बाई, कडेला कड! टाच टाचेवर, अंगठा अंगठ्यावर, सूतभर फरक नाही. खिडकीच्या काचेला लावून बघितला, तरी तेच. पोर आहे का पुतळा? बुटकी मी लाडानं म्हणते, तिनं एवढं मनावर घ्यायचं कारण नव्हतं.

हसून झालं. आता खरं सांगा. पाचाच्या पोराचं पाऊल सहाव्या वर्षी वाढलंच पाहिजे. ह्याच लेकीच्या चपला मला वर्षाला दोनदा घ्याव्या लागायच्या. बुटकी आजारी होती का? घरात खायला नीट आहे ना? जावयाला काम आहे का? रंगाऱ्याचं काम म्हणजे आज भिंत आहे, उद्या नाही.

लगेच लिहा. आज रात्रीचा भात घशाखाली उतरायचा नाही, आणि तुम्हाला माहीत आहे माझ्या घशाखाली काय काय उतरतं.

वहिनी


२८ नोव्हेंबर

वहिनी,

तू काळजी करशील म्हणून लिहिलं नव्हतं. मे महिन्यात बुटकीला ताप होता. बरेच दिवस चालला. त्यामुळे वाढ जरा थांबली, असं डॉक्टर म्हणाले. आता खाते-पिते. खेळते. काळजीचं कारण नाही.

जावयाला काम आहे.

मोजे त्याच मापाचे वीण.

तुझी नणंद


२ डिसेंबर

वन्सं,

मे महिन्यात पोर तापानं पडली आणि तुम्ही मला नोव्हेंबर सरताना सांगता. तुम्हाला शिव्या घालणारं एक अख्खं पान लिहिलं होतं, ते फाडलं. फाडलेल्याची नळी केली. तुमच्या वाट्याच्या शिव्या आता टपालवाल्याच्या टोपलीत आहेत.

तीन दिवस झाले, हातात सुया आणि डोळ्यांपुढे तो एकच दिवस. आपण त्याबद्दल कधी बोललो नाही. तुम्ही तिथं नव्हतात, तुम्हाला लेकीनं सांगितलेलं माहीत. आज माझ्याकडून ऐका.

तुमचे बंधू जाऊन आठ महिने झाले होते. सुट्टीला लेक, जावई, बुटकी आले. मी घर माणसांनी भरून टाकलं होतं, रिकामं दिसू नये म्हणून. जावयानं दुकानातली टोपली आणली होती, ही एवढी मोठी. तेव्हा त्याला दोन महिने काम नव्हतं, हे मला नंतर कळलं. सगळ्यांसमोर मी ती उघडली. वर चार बिस्किटाचे पुडे, एक जामची बाटली, आणि खाली नुसता सोनेरी कागदाचा भुसा. मी तो ओढायला लागले. ओढतेय, ओढतेय, संपत नाही. सगळे हसायला लागले. लोक हसले की मला चढते, हे तुम्हाला माहीत आहे. मी भुसा डोक्यावर ठेवला, गळ्यात घातला, आणि म्हटलं, "जावईबापू, आम्हाला काय गुरं समजलात?"

तोही हसला. सगळ्यात मोठ्यानं तोच हसला. मग खाली बसला आणि जमिनीवरचा भुसा वेचायला लागला. एकेक पट्टी. वेचून परत टोपलीत भरला. तेव्हा हसणं थांबलं. लेकीनं टोपली उचलली, पोर उचलली, आणि दारात म्हणाली, "पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

वन्सं, तुमचे बंधू मी जास्त बोलायला लागले की खोकायचे. आठवतंय? लोकांना वाटायचं दम्याचा माणूस आहे. तो खोकला माझ्यासाठी होता. एक खोकला म्हणजे पुरे, दोन म्हणजे आता घरी बघतो. त्या दिवशी खोकायला कोणी नव्हतं.

म्हणून मी टोपल्या करते. लेकीची माफी बोलून मागायची माझी सोय नाही, बोलायला गेले की त्यातही एखादी कोटी करून बसेन.

बुटकीला लोकर टोचते का, एवढं विचारा. आणि आजारपणाचं खरंखुरं लिहा. नाहीतर मी गाडीत बसते.

वहिनी


७ डिसेंबर

वहिनी,

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

अगं, चूक माझी झाली. मी शिवणकामाची बाई. एकदा माप काढलं की कागद कापून ठेवायचा, दुसऱ्यांदा त्यावरूनच काढायचं, ही तीस वर्षांची सवय. मागच्या वर्षीचा कागद खणात होता, त्यावरूनच छापून पाठवला. चादरी काही वाढत नाहीत, त्यामुळे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला मूल नाही, तर मला हे कुठून कळणार.

ताप आला होता, पण चार दिवसच. मी उगीच वाढवून लिहिलं.

सोबत नवीन कागद आहे. हा खरा. बघ केवढी मोठी झालीय.

तू येऊ नकोस. गाड्यांना गर्दी असते, थंडी आहे. मी सुट्टीनंतर येईन तुझ्याकडे.

तुझी नणंद


११ डिसेंबर

वन्सं,

नवीन कागद मिळाला. जुन्यापेक्षा दोन बोटं लांब आणि रुंदीला तर काय विचारता. मे महिन्यात बरेच दिवस ताप, मग चार दिवस ताप, वाढ थांबली, मग एकदम एवढी वाढली. पोर माझ्या पत्रागणिक वाढतेय. आणखी दोन पत्रं टाकली तर लग्नाला येईल.

टोपली झाली. भूगोलाची वही पुरली, गणिताचीही संपली. काठावर तिच्या अक्षरात 'नदी उगम पावते' एवढं दिसतंय, पुढचं आत वळलंय. मोजे दोन जोड केलेत, एक लहान कागदाचा, एक मोठ्या कागदाचा. कोणता बसेल तो बसेल.

ही टोपली मी गाडीवाल्याबरोबर पाठवत नाही. मी येतेय. पुढच्या शनिवारी, एकोणीस तारखेला, संध्याकाळच्या गाडीनं. तिच्या दारात जाणार नाही, घाबरू नका. दारात येऊ नकोस म्हणाली, रस्त्याच्या पलीकडे उभी राहू नकोस असं म्हणालेली नाही. तुम्ही टोपली घेऊन जा, दार वाजवा, मी पलीकडून बघते. बुटकी बाहेर आली तर तिचे पाय बघते. मला तेवढंच बघायचंय. तोंडाला पदर लावून उभी राहीन, आवाज काढणार नाही.

मुक्काम तुमच्याकडे नाही करत, त्याच रात्रीच्या गाडीनं परत.

वहिनी


१६ डिसेंबर

वहिनी,

हे पत्र तू निघायच्या आत पोचावं म्हणून आजच टाकते. येऊ नकोस.

ते लोक तिथं राहत नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातच गेले. दुसऱ्या टोपलीच्या वेळी मी गेले तर दाराला कुलूप. शेजारी म्हणाले जावयाला लांब कुठं काम मिळालं, सामान नेलं. पत्ता कोणाला दिला नाही. घरमालकाला विचारलं, रंगाच्या दुकानात विचारलं, बालवाडीतही विचारून आले. मला सांगून गेली नाही. मी तुझ्याकडची म्हणून.

मी तुला तेव्हाच कळवायला बसले होते. तुझं पत्र आलं, त्यात होतं की यंदा मुरंबा छान जमलाय, लेकीला आवडेल. मग मी 'घेतली, ठेवून दिली' असं लिहिलं. ठेवून दिली हे खरंच होतं. माझ्या कपाटावर ठेवून दिली.

पाय खालच्या इस्त्रीवालीच्या मुलीचा आहे. मोठा कागद तिच्या मोठ्या बहिणीचा. मला वाटलं, मोठं पाठवलं की तुझी शंका जाईल. माप किती वाढवायचं असतं ते मला कळलं नाही.

पहिल्या वर्षाचंही खरं नाही. पहिल्या वर्षी तिनं टोपली परत आणून दिली. ह्यापेक्षा जास्त मला विचारू नकोस.

तू माझ्यावर रागाव. पण येऊ नकोस. इथं बघायला काही नाही.

तुझी नणंद


२३ डिसेंबर

वन्सं,

तुमचं सोळा तारखेचं पत्र मी घरी परतले तेव्हा दाराच्या फटीत होतं. मी रविवारी पहाटे परतले. म्हणजे काय ते ओळखा.

शनिवारी मला सकाळचीच गाडी मिळाली, दुपारी एकलाच पोचले. तुम्ही कामावर. म्हटलं तुमच्या खोलीवर बसावं. घरमालकिणीनं दार उघडून दिलं, चांगली आहे बाई, मला बिस्किट दिलं. मी म्हटलं, बिस्किटं मी पण करते, तुमच्यापेक्षा मऊ. एवढं बोलून होतंय तोच माझी नजर कपाटावर गेली.

तीन टोपल्या. ओळीनं. वर जुनी चादर टाकली होती तुम्ही, मधे जोड असलेली, पण तिसऱ्या टोपलीचा कान बाहेर दिसत होता. आपण विणलेला कान आपल्याला लांबून ओळखू येतो.

स्टूल घेऊन चढले. ह्या गुडघ्यांनी. तिसरी उतरवली, गाठसुद्धा सोडलेली नाही. दुसरी उतरवली, तशीच. मुरंब्याची साखर झालीय, दगड. मोजे इवले इवले. मग पहिली उतरवली. ती हलकी लागली.

तुम्ही लिहिलंत ना, ह्यापेक्षा जास्त विचारू नकोस. विचारत नाही, मी बघितलं. काठोकाठ भुसा. सोनेरी. तोच. जावयानं माझ्या जमिनीवरून एकेक पट्टी वेचलेला तो भुसा. तिनं तो वर्षभर ठेवला होता, वन्सं. माझी टोपली येणार हे तिला माहीत होतं, मी काय करणार हे तिला माझ्या आधी माहीत होतं. टोपली घेतली, रिकामी केली, भुसा भरला आणि आणून दिली. चिठ्ठी नाही, काही नाही.

मी तुमच्या पलंगावर बसून हसले. घरमालकीण घाबरली. पण काय करू, एवढी नेमकी मारलेली थट्टा मी आयुष्यात पाहिली नाही. माझीच पोर. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि मी ते केलं असतं म्हणजे माफी-बिफीचा प्रश्नच उरत नाही, हे मला माझ्यावरूनच कळतं. मग हसणं थांबेना, आणि ते हसणं राहिलं नाही.

तळापर्यंत हात घातला. म्हटलं एखादी वस्तू असेल, बुटकीचा केस अडकलेला असेल, काहीतरी. तळापर्यंत भुसाच होता.

सगळं होतं तसं वर ठेवलं. चौथी त्यांच्या शेजारी, चादरीखाली ठेवली. घरमालकिणीला गप्प बसायला सांगितलं, ती बसलेली दिसते. मग तुमच्याकडून तीन गल्ल्या चालले. लेकीच्या दारावर आता दुसऱ्याच नावाची पाटी आहे. तिथल्या बाईनं पोतेरं दारात वाळत घातलं होतं. रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले, ठरवलं होतं तशी, तोंडाला पदर लावून. दार बंदच होतं.

पाच वाजता स्टँडवर गेले, तर तुम्ही आलेल्या. संध्याकाळच्या गाडीची वाट बघत. हातात माझ्यासाठी आणलेली शाल होती, घडी घातलेली. प्रत्येक गाडी आली की तुम्ही पुढे व्हायचा आणि उतरणाऱ्यांची तोंडं बघायचा. तुमचं पत्र मला मिळालं असेल आणि मी येणार नाही, अशी आशा करत होतात ना? आणि तरी शाल घेऊन उभ्या होतात. मी पलीकडच्या बाकावर होते, खांबाआड. हाक मारणार होते. पण हाक मारली असती तर तुम्ही मला परत काहीतरी सांगितलं असतंत, आणि मी ते खरं मानलं असतं. एवढा धीर माझ्यात नव्हता. तुम्ही साडेआठपर्यंत होतात. मी त्याच गाडीत चढले, जिच्यातून मी उतरेन म्हणून तुम्ही बघत होतात.

आता तीस वर्षं तुम्हाला अहो-जाहो केलं, आज अगं म्हणते, रागावू नका.

अगं, तो कागद कडेला कड बसला तेव्हाच मला कळलं होतं. अंगठ्याजवळ तुझ्या पेन्सिलीचं टोक घसरलेलं होतं, तेसुद्धा दोन्ही कागदांवर एकाच जागी. मी खिडकीशी उभी राहून ते बघितलं आणि तुला लिहिलं की पोर आहे का पुतळा. बघितलं नाही असं ठरवलं. तू खोटं लिहीत होतीस आणि मी ते वाचायला नोव्हेंबरची वाट बघत होते. वर्षातले दहा महिने मी त्यावर काढले. मग कोणाला कोण बोलणार?

शेजारणीनं विचारलं, लेक भेटली का. म्हटलं, भेटली, मोठी हुशार झालीय.

वह्या संपल्या. लेकीच्या टोपलीला आता कागद नाही, आणि ती कुठं आहे ते ठाऊक नाही. मोजे इस्त्रीवालीच्या पोरींना देऊन टाक. लहान कागदाचे लहानीला, मोठ्याचे मोठीला. पाय त्यांचेच आहेत. लोकर टोचते का तेवढं विचार, ते मला अजून कळलेलं नाही. मुरंबा टाकून दे. भुसा मात्र टाकू नको. तसाच राहू दे वर. तिच्या हातचं तेवढंच आहे माझ्याकडे.

मी कारखाना बंद करणार होते. पण काल ट्रंक उघडली तर तुझी पत्रं निघाली, तीन वर्षांची, सगळी ह्याच विषयावरची. 'घेतली.' 'ठेवून दिली.' 'उठूनही गेली नाही.' जाड कागद वापरतेस तू, नळी छान बसते. सव्वीस झाल्यात आतापर्यंत. हेही पत्र पोचलं की परत पाठव, उगीच कागद वाया नको.

मार्चमध्ये सुटलीस की तुझ्याकडेही कोणी फाटकं घेऊन येणार नाही. तेव्हा ही टोपली येईल. भुसा नाही, तळापर्यंत माल. आत मोजे घालीन म्हणते. तेवढा तुझ्या पायाचा कागद पाठव. ह्या खेपेला तुझ्याच पायाचा. आणि एकदा काढलास की कापून खणात ठेवलास तरी चालेल, तुझा पाय काही आता वाढायचा नाही.

तुझी,
वहिनी